डीएनए संवेदकातील धातूच्या नॅनोरचना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इलेक्ट्रोडवरचे सोन्याचे किंवा पॅलेडियमचे नॅनोकण डीएनए ओळखतात, हा विद्युतरासायनिक डीएनए संवेदकांविषयीचा मूळ गैरसमज. ओळखण्याचे काम प्रोबचे असते. प्रोब म्हणजे गंधकाच्या बंधाने सोन्यावर रोवलेली डीएनएची एकेरी साखळी. तिच्याशी ए-टी, जी-सी अशा जोड्या जुळणारी साखळी नमुन्यात असली, तर दोघी जोडल्या जातात आणि त्याची खूण विद्युतप्रवाहातील बदलात उमटते. एका अक्षराचा फरक पकडला जाईल का, हे प्रोबचा क्रम, तापमान आणि द्रावणातील क्षार यांवर ठरते.

पृष्ठभाग जितका मोठा तितका संवेदक तल्लख, ही समजूत अधिक चिवट आहे. खडबडीत धातूवर प्रोब जास्त मावतात हे खरे. पण पृष्ठभागालगत साठणाऱ्या विद्युतभाराचा पार्श्वप्रवाहही क्षेत्रफळाबरोबर वाढतो आणि क्षीण संकेत त्यात बुडू शकतो. त्यातच डीएनएची दुहेरी साखळी सुमारे 2 नॅनोमीटर जाड आणि ऋणभारित असते. प्रोबची दाटी झाली, की नव्या साखळीला शिरायला जागा उरत नाही. शेजारचे ऋणभार तिला दूर लोटतात. सपाट सोन्यावर यासाठी मर्कॅप्टोहेक्सेनॉल हा छोटा रेणू वापरतात. तो सैल चिकटलेले प्रोब हटवतो आणि आडवे पडलेले उभे करतो. नॅनोरचनेचे खरे बळ इथेच दिसते: अणकुचीदार, वक्र पृष्ठभागावर प्रोब मुळाशी जवळ असले तरी त्यांची टोके फाकलेली राहतात. टोरांटोच्या शाना केली यांच्या गटाने 2009 मध्ये दाखवले, की रचनेचा बारकावा बदलून शोधमर्यादाच, म्हणजे ओळखता येणारे किमान प्रमाणच, बदलता येते. क्षेत्रफळापेक्षा हा आकार मोलाचा.

मग संवेदकच नॅनो आकाराचा का करू नये? कारण साखळ्यांना तिथवर पोहोचावे लागते. 1 फेम्टोमोलार द्रावणाच्या 1 मायक्रोलिटरमध्ये जेमतेम 600 साखळ्या असतात, आणि त्या विसरणाने संथपणे सरकतात. इवल्या लक्ष्यावर त्यांतील एखादी आदळायला फार वेळ लागतो. म्हणून इलेक्ट्रोड मायक्रोमीटर मापाचा आणि त्यावरचे काटे नॅनोमीटर मापाचे, ही जोडी उपयोगी ठरते.

शुद्ध बफरमध्ये मोजलेली शोधमर्यादा रक्तातही तशीच राहील, हेही गृहीत धरता येत नाही. रक्तातील प्रथिने धातूवर चिकटून संकेत मंदावतात. सच्छिद्र सोन्याची बारीक छिद्रे त्यांना काही प्रमाणात अडवतात, पण पूर्णपणे नाही.