प्रवेशद्वारी रेल्वे स्थानक : डिस्नीलँडच्या दर्शनी भागाचे आकलन

कथेचा आरंभ वाचकाच्या मनाची पूर्वतयारी करतो. वास्तूचे प्रवेशद्वारही हे कार्य करू शकते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी उद्घाटन झालेल्या डिस्नीलँड या उद्यानाच्या दर्शनी भागाच्या आधारे आपण हा मुद्दा समजून घेऊ.

रचना : या उद्यानाच्या तोंडाशी एका लहान शहराचे रेल्वे स्थानक उभे आहे. लाल विटांचे बांधकाम, तीव्र उताराचे छप्पर आणि घड्याळाचा मनोरा यांतून एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी स्थानकाचे रूप साकारते. स्थानक मातीच्या उंच भरावावर असून तीन फूट रुंदीचा लोहमार्ग उद्यानाला वेढा घालतो. प्रेक्षक रुळांखालील दोन बोगद्यांपैकी एकातून आत जातात.

कार्य : भराव बाहेरचे शहर दृष्टिआड करतो, स्थानक आतील मुख्य रस्ता झाकून ठेवते. बोगद्याच्या सावलीतून पुढे येताच मोकळा चौक दिसतो. नाटकापूर्वी पडदा जे काम करतो, तेच येथे स्थानक करते. पुढील रस्त्यावरील इमारतींचे वरचे मजले खालच्या मजल्यांपेक्षा लहान प्रमाणात बांधलेले आहेत. त्यामुळे इमारती प्रत्यक्षाहून उंच भासतात.

रेल्वेच का? : वॉल्ट डिस्ने यांच्या बालपणातील काही वर्षे मिसूरी राज्यातील मार्सलिन या सांता फे रेल्वेमार्गावरील गावात गेली. पुढे १९५० साली त्यांनी स्वतःच्या घराच्या आवारात एक-अष्टमांश आकाराची वाफेची गाडी चालविली. उद्यानातील रेल्वेला १९७४ पर्यंत सांता फे कंपनीचे प्रायोजकत्व होते आणि पहिल्या दोन इंजिनांना त्याच कंपनीच्या इतिहासातील होलिडे व रिप्ली यांची नावे दिली गेली. शिवाय पत्रे, वर्तमानपत्रे, माल आणि पाहुणे स्थानकातूनच येत असल्यामुळे लहान शहरासाठी स्थानक हेच खरे प्रवेशद्वार होते.

चिकित्सा : १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील रेल्वेचे प्रवासी मोटारगाड्यांकडे वळत होते. उद्यानाचे बहुसंख्य प्रेक्षकही मोटारीनेच येत आणि समोरच्या विस्तीर्ण वाहनतळावर उतरत. म्हणजे मोटारीतून उतरलेला माणूस रेल्वे स्थानकातून गावात शिरत असे. मागे पडत चाललेला अनुभव येथे दृश्यरूपाने जपला गेला. परंतु ही स्मृती निवडक आहे : इंजिनाची काजळी, अपघात, मजुरांचे कष्ट यांना तीत स्थान नाही. या रचनेचे सौंदर्य मान्य करतानाच तिने काय वगळले, हेही पाहिले पाहिजे. गतकाळाचे चित्रण करणारी साहित्यकृती वाचतानाही हीच दृष्टी उपयोगी पडते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : आपल्या परिचयातील एखाद्या वास्तूचे प्रवेशद्वार काय दाखवते आणि काय झाकते, ते दहा ओळींत लिहा.