चुंबक, वीज आणि शिऱ्यातले बेदाणे

मंडळी, फ्रिजवर चिकटणारा चुंबक आणि कॉम्प्युटरमधली चिप या दोघांचे गुण एकाच पदार्थात असू शकतात का? असे पदार्थ आहेत. त्यांना लोहचुंबकीय अर्धवाहक म्हणतात. न्यू जर्सीच्या बेल लॅब्समधल्या संशोधकांनी १९६१ साली युरोपियम ऑक्साइड लोहचुंबकीय असल्याचे दाखवले. अडचण एकच, उणे २०४ अंश सेल्सिअसच्या वर त्याचे चुंबकत्व संपते. म्हणजे मिनेसोटाच्या थंडीतही उपयोग नाही!

इलेक्ट्रॉन स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. अशा पदार्थातून वाहताना तो भोवतालच्या चुंबकत्वाशी जुळवून घेतो, त्यामुळे चुंबकाने विजेचा प्रवाह कमीजास्त करता येतो. हे घरातल्या तापमानाला जमावे म्हणून २००० नंतर चढाओढ लागली. जपानमध्ये २००१ साली टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये (आपल्या भिंतीच्या रंगात असते ते) थोडे कोबाल्ट मिसळून असा पदार्थ मिळाल्याचे जाहीर झाले.

पण कोबाल्ट हा मुळातच चुंबकीय धातू. तो शिऱ्यातल्या साखरेसारखा विरघळला आहे, की बेदाण्यांसारखे त्याचे कण वेगळेच बसले आहेत? बेदाणे असतील तर चुंबकत्व त्यांचे, पदार्थाचे नव्हे.

ओळखायचे कसे? एडविन हॉलने १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पाहिले की, वीज वाहत असलेल्या पत्र्याला चुंबक दाखवला की आडव्या दिशेने थोडा दाब तयार होतो. लोखंडासारख्या चुंबकीय पदार्थात हा दाब खूपच जास्त असतो. तो दिसला म्हणजे वाहणारे इलेक्ट्रॉनही चुंबकत्वात सामील आहेत, असा अनेकांचा समज होता.

या समजाला धक्का दिला तो बाल्टिमोरपासून जवळच, कॉलेज पार्कच्या मेरीलँड विद्यापीठात. तिथे एस. आर. शिंदे, पुणे विद्यापीठातून आलेले सतीश ओगले आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन बराच कमी केलेल्या थरांची तपासणी केली. हॉलचा जादा दाब मिळाला, पण सूक्ष्मदर्शकात कोबाल्टचे बेदाणेही दिसले! हा निबंध २००४ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. याच गटाने २००३ मध्ये कोबाल्ट मिसळलेल्या टिन ऑक्साइडमध्ये उच्च तापमानाचे चुंबकत्व मिळाल्याचे मांडले होते. म्हणजे आपल्याच क्षेत्रातल्या दाव्यांना त्यांनी कडक चाळणी लावली. आम्हाला तर यात शोधाइतकेच मोल वाटते.

त्या निबंधानंतर नुसत्या हॉलच्या मापावर विसंबणे अवघड झाले. थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासून बेदाणे नाहीत हेही दाखवावे लागते.