वाण निवडताना नुसत्या सरासरीवर जाऊ नका

बियाण्याची पिशवी घेण्याआधी कुणीतरी सांगतेच, 'आमच्या वाणाची सरासरी जास्त आली.' सरासरी खरी असेलही. पण तो फरक वाणाचा की जमिनीचा, हे त्यावरून कळत नाही. एकाच वाणाचे शेजारचे दोन तुकडेसुद्धा सारखे उतरत नाहीत, हे तुम्ही दरसाल पाहता.

समजा, सोयाबीनचे तीन वाण प्रत्येकी चार तुकड्यांत पेरले, तुकडा एक गुंठ्याचा. पहिल्याचे किलो आले १८, २२, १९, २१. दुसऱ्याचे २१, २५, २०, २२. तिसऱ्याचे १९, २३, २०, २२. सरासरी २०, २२ आणि २१. दुसरे वाण पहिल्यापेक्षा गुंठ्याला २ किलो, म्हणजे एकरी ८० किलो पुढे दिसते. पण पहिल्या वाणातच १८ ते २२ असा ४ किलोंचा फरक आहे, त्याचे काय?

इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती प्रयोग केंद्रात १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी यावर रीत काढली. तिला 'अनोव्हा' म्हणतात. वाणावाणांतल्या फरकाला एकाच वाणाच्या तुकड्यांतल्या फरकाने भागायचे. येणारा आकडा म्हणजे 'एफ'.

वरच्या हिशेबात एफ येतो १.०६. बारा तुकडे आणि तीन वाण असताना तो ४.२६ च्या वर हवा. वाण सारखेच असतील, तर एवढा एफ शंभरात पाच वेळाच येतो. म्हणजे इथे दुसरे वाण सरस म्हणायला आधार नाही. पण तेच आकडे १९, २०, २०, २१. २१, २२, २२, २३ आणि २०, २१, २१, २२ असे असते, तर सरासरी तीच राहून एफ ६ आला असता. मग फरक मानावा लागतो. कोणत्या दोन वाणांत, ते सी.डी. म्हणजे क्रांतिक फरक सांगतो. तो इथे १.३ किलो. म्हणून दुसरे पहिल्यापेक्षा सरस. तिसऱ्याबद्दल काही सांगता येत नाही.

हिशेब हाताने करायची गरज नाही. संगणकावर एक्सेलमध्ये तीन वाणांचे आकडे तीन रकान्यांत भरा. 'डेटा अ‍ॅनालिसिस'मधून 'अनोव्हा: सिंगल फॅक्टर' निवडा. 'एफ' हा 'एफ क्रिट'पेक्षा मोठा आहे का, तेवढे बघा. सी.डी. मात्र वेगळा काढावा लागतो.

पण शेतातली चूक संगणक दुरुस्त करत नाही. कोणत्या तुकड्यात कोणते वाण, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. पेरणी एकाच दिवशी, खत-पाणी सारखे. प्रत्येक तुकड्याचे वजन वेगळे लिहा. सगळा माल एकत्र मोजला, की हिशेबच संपला. रान अर्धे हलके, अर्धे भारी असेल, तर दोन्हीकडे सगळे वाण पेरा. त्याचा हिशेब थोडा निराळा असतो.

पुढच्या वेळी कुणी सरासरी सांगितली, तर आधी विचारा : तुकडे किती होते, आणि एकेकाचे वजन कुठे आहे? उत्तर मिळाले नाही, तर त्या वाणाला सगळे रान देऊ नका.