खरा प्रोग्रॅमर व्हिमच वापरतो म्हणे!

नवशिक्याने ‘टेक्स्ट एडिटर कोणता घेऊ?’ असं विचारायचा अवकाश, कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच: ‘व्हिम शीक. बाकी सगळी पोरखेळणी.’

गैरसमज : खरा प्रोग्रॅमर व्हिमच वापरतो, म्हणून सुरुवातही तिथूनच करावी.

वस्तुस्थिती : साफ चूक. सल्ला देणाऱ्याचा हात बसलेला असतो. ऐकणाऱ्याला साधी फाइल बंद करता येत नाही. ‘व्हिममधून बाहेर कसं पडायचं?’ हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाख वेळा पाहिला गेला होता, असं त्या संकेतस्थळानेच जाहीर केलं. त्याच्याच २०२३ च्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश जणांनी व्हीएस कोड हा एडिटर वापरत असल्याचं सांगितलं. व्हिमवाले पाव हिस्साही नव्हते. मग बाकीचे काय खोटे प्रोग्रॅमर?

व्हिमच्या अवघडपणालाही कारण आहे. त्याचा पूर्वज ‘व्हीआय’ बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहिला, तो अक्षरं रेंगाळत उमटणाऱ्या संथ मोडेमवर. म्हणून एकेका कळेत मोठी आज्ञा, आणि लिहिण्याची अवस्था वेगळी, आज्ञांची वेगळी. कर्सर एच, जे, के, एल या कळांनी हलतो, कारण जॉय यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण त्याच कळांवर छापलेले होते. ती त्या काळची सोय होती, हुशारीची परीक्षा नव्हे. पुढे दूरच्या सर्व्हरवर काम करायची वेळ आली, तर तिथे व्हीआय बहुधा असतोच. तेव्हा जरूर शिका.

एडिटरांबद्दलचे आणखी काही गैरसमज :

‘वर्डमध्ये कोड लिहिला तरी चालतो.’ नाही. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतो आणि प्रोग्रॅम अडतो.

‘नोटपॅडमध्ये मराठी जमत नाही.’ जमतं. जतन करताना यूटीएफ-८ निवडा. २०१९ पासून विंडोज १० मध्ये ते आपोआपच होतं.

‘चांगला एडिटर विकतच घ्यावा लागतो.’ व्हिम, ईमॅक्स, नॅनो, नोटपॅड प्लस प्लस, व्हीएस कोड, सगळे फुकट आहेत.

‘एकदा निवडला की अडकलो.’ साधी टेक्स्ट फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडते.

तेव्हा विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस घ्या. लिनक्सच्या टर्मिनलवर नॅनो घ्या. त्याच्या मुख्य आज्ञा पडद्याच्या तळाशीच लिहिलेल्या असतात. आणि सल्लागारांनो, व्हिम सुचवायचाच असेल तर न साठवता बाहेर पडायची वाट आधी सांगा: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर.