पगार वेळेवर देता, तरी माणूस का सोडून जातो?

डब्ल्यूडब्ल्यूईचा सीएम पंक आठवतो? जानेवारी 2014 मध्ये तो सगळं सोडून घरी गेला. नोव्हेंबरमध्ये पॉडकास्टवर त्याने कारण सांगितलं. दुखणी अंगावर काढत खेळलो, कुस्तीची आवडच संपली. कंपनीचं काढल्याचं पत्र ऐन लग्नाच्या दिवशी मिळालं, असंही तो म्हणाला.

तिथले पैलवान कागदोपत्री नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत. पण कोण जिंकणार हेसुद्धा कंपनीच ठरवते.

आता आपलं दुकान बघा. सणाच्या गर्दीत तापातही उभा राहणारा पोरगा बोलत नाही, म्हणून आपण त्याला गृहीत धरतो. मीही धरलं, दिवाळीनंतर तो आलाच नाही.

पंक 2023 मध्ये परतला. तुमचं दुकान तेवढी वर्षं थांबेल का? मग आजच विचारा, "बरं वाटतंय ना रे?"