मी नापास झालो, त्याची गोष्ट

गेल्या मे महिन्यात नातीचा बारावीचा निकाल लागला आणि आमचे अंबरनाथचे घर म्हणजे जणू नियोजन मंडळाची कचेरी होऊन बसले. जेवणाच्या ताटाशेजारी मोबाइल, मोबाइलमध्ये कॉलेजांच्या याद्या आणि याद्यांवरून आईबापांचे वाद! आमच्या चिरंजीवांचा हट्ट कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा. सूनबाईंचा कल फार्मसीकडे. बदलापूरला दिलेली आमची लेक फोनवरून सी. ए. सुचवीत होती. ज्या मुलीसाठी हे सारे चालले होते, तिला संख्याशास्त्र आवडते. पण ते ती इतक्या हळू सांगे, की स्वयंपाकघरातला मिक्सर चालू असला तर कुणाला ऐकूही जाऊ नये.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "आजोबा, शिवमंदिरात जाऊन येऊ या."

आमचे शिवमंदिर वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. वालधुनी नदीच्या काठचे हे काळ्या पाषाणाचे देऊळ शिलाहारांच्या काळचे. त्यावर शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. थोरल्या छित्तराजाने काम सुरू केले आणि धाकट्या मुम्मुणीने ते पुरे केले, असे अभ्यासक मानतात. गाभारा सभामंडपाच्या खाली आहे. सुमारे वीस पायऱ्या उतराव्या लागतात. बाहेरच्या उजेडातून एकदम खाली गेले, की आधी काहीच दिसत नाही. घटकाभर थांबले, म्हणजे मग पिंडी दिसू लागते.

दर्शन घेऊन आम्ही बाहेर कट्ट्यावर टेकलो. नात म्हणाली, "आजोबा, सगळे म्हणतात, आताच काय ते नीट ठरव. पण समजा, चुकलं तर?"

मी गप्प झालो. कारण पंचावन्न वर्षांपूर्वी, इथेच, हाच प्रश्न मांडीवर घेऊन मी बसलो होतो. आणि ही गोष्ट मी घरात कुणालाही कधी सांगितली नव्हती.

मी मॅट्रिक झालो १९६८ साली. तेव्हा मॅट्रिक म्हणजे अकरावी. वडील लवकर गेलेले. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो मॅट्रिक होताच गावातल्या विम्कोच्या काड्यापेटीच्या कारखान्यात चिकटला. त्याला खरे तर इंजिनिअर व्हायचे होते. त्याला जे जमले नाही, ते मी करायचे, हे घरात कुणी बोलून दाखवले नाही; पण आमटीला मीठ असावे तसे ते घरात मुरलेले होते. मीही विचारले नाही. माटुंग्याच्या एका कॉलेजात सायन्सला नाव घातले.

अंबरनाथ ते माटुंगा म्हणजे जाताना सुमारे पन्नास किलोमीटर आणि येताना तेवढेच. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास खिशात, हातात डबा आणि जर्नल. मराठी शाळेत शिकलेला मी, वर्गात एकदम सगळे इंग्रजीतून! शब्द कळत, पण वाक्य संपेपर्यंत सर पुढच्या फळ्यावर गेलेले असत. शेजारच्याला विचारावे, तर तो फाडफाड इंग्रजी बोलणारा. सरांना विचारावे, तर सारा वर्ग मागे वळून पाहील ही धास्ती. मग मी विचारलेच नाही. पहिले वर्ष कसेबसे पार पडले. इंटर सायन्सला गाडी अडली. त्या काळी इंटरला भरघोस गुण मिळाले, तरच इंजिनिअरिंगचे दार उघडे. मी तर दोन विषयांत सपशेल आडवा झालो. यात कॉलेजचा काही दोष नव्हता. बुडणाऱ्याने हात वर करायचा असतो. मी तो खिशात घालून बसलो होतो.

१९७० चा जून महिना. घरी सांगितले, "निकाल राखून ठेवलाय." आई बिचारी शिकलेली नव्हती; तिला वाटले, राखून ठेवला म्हणजे काहीतरी चांगलेच असेल. दुसऱ्या दिवसापासून मी रोजच्या वेळेला डबा घेऊन निघू लागलो आणि स्टेशनाकडे वळण्याऐवजी देवळात येऊन बसू लागलो. दिवसभर बसायचे. पाऊस आला की मंडपात. वेळ जाईना, म्हणून भिंतीवरच्या मूर्ती पाहू लागलो. हा हात असा का, ही वेलबुट्टी कुठे संपते, हे कुणी, कधी घडवले? भौतिकशास्त्राच्या पुस्तकाने मला दोन वर्षांत जेवढे प्रश्न विचारायला लावले नव्हते, तेवढे त्या भिंतींनी आठवड्यात लावले.

बाराव्या दिवशी दादा समोर उभा राहिला. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. कुणीतरी त्याला सांगितले असावे. मला वाटले, आता मुस्कटात बसणार. तो शेजारी बसला.

"डबा खाल्लास?"

"नाही."

"मग काढ. मलाही भूक लागलीय."

आम्ही दोघांनी मिळून चार पोळ्या नि भेंडीची भाजी खाल्ली. हात धुऊन आल्यावर तो म्हणाला, "नापास झालास ना?" मी मान हलवली.

"किती दिवस येतोयस इथं?"

"अकरा झाले."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "वर्ष गेलं त्याचं काही नाही रे. पण अकरा दिवस तू एकटा बसलास, ते मला लागलं." आणि मग त्याने ते विचारले, जे तोवर मला कुणीच विचारले नव्हते, आणि मीही स्वतःला विचारले नव्हते. "तुला आवडतं काय?"

मी म्हटले, "इतिहास."

दादाच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेले. क्षणभरच. मला ते दिसले, आजही दिसते. पण तो एवढेच म्हणाला, "मग तसं कर."

माझ्या सुदैवाने उल्हासनगरला १९६५ साली चांदीबाई कॉलेज निघालेले होते. आता मुंबई गाठायची गरज नव्हती. मी पुन्हा पहिल्या वर्षापासून आर्ट्‌सला बसलो. धाकटी पोरे शेजारी, मी दोन वर्षांनी घोडा! लाज वाटे. तिथे एका सिंधी मित्राचे वडील मला भेटले. उल्हासनगर म्हणजे मूळची दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तिथल्या बराकींत राहिली आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्या संस्थेने आमचे कॉलेज काढले, तिनेच सिंधमधल्या हैदराबादेत सुटलेले नॅशनल कॉलेज १९४९ साली वांद्र्याला पुन्हा उभे केले होते. माझे रडगाणे ऐकून ते गृहस्थ हसले नि मोडक्या मराठीत म्हणाले, "आम्ही सगळा गाव पहिल्यापासून मांडला. तू एक वर्ग मांड."

मी मांडला. संध्याकाळी शिकवण्या केल्या, १९७४ साली बी. ए. झालो, पुढे शाळेत तीन तपे इतिहास शिकवला. दर वर्षी मुलांना या देवळात आणी आणि सांगे, की १८६८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी याची चित्रे आणि साचे काढायला इथे आले होते. तेही तुमच्यासारखेच शिकणारे होते.

दादाने इंजिनिअरिंगचे नाव पुन्हा काढले नाही. त्याला ते किती जड गेले, हे पुढे माझा मुलगा इंजिनिअर झाला त्या दिवशी समजले. दादा सबंध संध्याकाळ त्याचे सर्टिफिकेट हातात धरून बसला होता.

हे सारे मी नातीला सांगितले. ती म्हणाली, "बाबांना माहीत आहे?" मी म्हटले, "नाही. आता सांगू."

आजच्या मुलांपुढे आमच्यापेक्षा वाटा पुष्कळ आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वाट बदलण्याचीही सोय केली आहे. मुख्य विषयाबरोबर दुसरा गौण विषय घेता येतो. वर्षानंतर थांबले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तिसऱ्या वर्षी पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स. आणि मिळवलेले श्रेयांक खात्यावर जमा राहतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतल्या पात्र मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या जुलैत घेतला. मन फारच खचले, तर बोलायला १४४१६ हा 'टेली-मानस'चा फुकट नंबर आहे.

पण घरातल्या माणसांशी बोलण्याची सोय सरकार करून देऊ शकत नाही. आईबापांनो, मुलगा किंवा मुलगी डबा घेऊन बाहेर पडते, तेव्हा ती कॉलेजातच जाते ना, याची चौकशी करू नका. जाता येत नसेल तर परत घरी येऊन तसे सांगता येईल ना, एवढे पाहा. चुकीचा विषय दोन वर्षे खातो. माझी तेवढी गेली, आणि भरूनही निघाली. ते अकरा दिवस मात्र अजून भरून निघालेले नाहीत.

त्या रात्री जेवताना मी चिरंजीवांना माझी गोष्ट सांगितली. तो घास हातात धरून ऐकत राहिला. मग नात म्हणाली, या वेळी चांगली मोठ्याने, "बाबा, मला बी. एस्सी. करायचंय. संख्याशास्त्रात."

त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेले. ते मी ओळखले. क्षणभर ताटांचाही आवाज थांबला.

मग त्याने विचारले, "डबा किती वाजता लागेल तुला?"