पुसलेली फीत

जुनी कौटुंबिक मालिका घरच्या पडद्यावर पुन्हा पाहावी, असे कोपरीतल्या अनेक घरांत वाटते. मग चिं. वि. जोशींच्या कथांवर आधारलेली, १९७७ च्या सुमारास मुंबई दूरदर्शनने दाखविलेली 'चिमणराव' शोधावी, तर हाती थोडेच भाग लागतात. दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव नि बाळ कर्व्यांचे गुंड्याभाऊ घरोघर पोहोचले होते. मग बाकीचे भाग गेले कोठे?

कारण साधे आहे. त्या काळी चित्रण चुंबकीय फितीवर होई. फीत महाग, तीवर नवे चित्रण केले की जुने पुसले जाई. काटकसर म्हणून तीच फीत पुन्हा वापरीत. ब्रिटनमध्ये बी.बी.सी.नेही हेच केले. तेथील 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेचे ३ भाग अजून सापडलेले नाहीत.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे याकडे निराळ्या नजरेने पाहतो. त्या फितीवर नटांइतकेच दिवे लावणाऱ्यांचे, कॅमेरा चालविणाऱ्यांचे, रंगभूषा करणाऱ्यांचे श्रम होते. हिशेबात फितीची किंमत धरली गेली, श्रमांची नाही. सार्वजनिक पैशाने झालेले काम जपणे हा वायफळ खर्च नव्हे. ते लोकांचे देणे आहे. उरलेल्या भागांच्या चांगल्या प्रती लोकांना मिळाव्यात, ही मागणी आपण सर्वांनी केली पाहिजे.